त्या काठावरचा आवाज माझा नाही

आमचं मूळ गाव काटोलकडचं, पण मी ते पाहिलं ते फक्त लग्नाकार्यात. वडील डिफेन्सच्या फॅक्टरीत लागले अन् जबलपूरला आले तेव्हा नागपूर अन् जबलपूर एकाच राज्यात होती, वडील म्हणत आपण कुठं परदेशी आलो, राजधानी तर आपली नागपूरच आहे न. मग राज्यं नव्यानं वाटली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, राजधानी भोपाळ झाली, अन् आम्ही घरात मराठी अन् उंबऱ्याबाहेर हिंदी असे होऊन गेलो. माझी मराठी अशीच आहे ताई, अर्धी इथल्या जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातली. तुम्ही लिहिताना भाषा सुधारायची तर सुधारा, पण कोण काय बोललं ते मात्र सुधारू नका. ते सुधारून सुधारूनच मी इथवर आलो.

माझं नाव विनायक. लहानपणापासून मी गात होतो. उगाच सांगत नाही, शास्त्रोक्त शिकलो, परीक्षा दिल्या, मंडळाच्या गणपतीत माझं गाणं ठेवत, लोक म्हणत विनायकचा सा लागला की लागला. पण गाण्यावर पोट कोणाचं भरतं? मला नोकरी लागली सरकारच्या प्रचार अन् संस्कृतीच्या जिल्हा ऑफिसात, माइकवाला म्हणून. गाणारा माणूस, अन् आयुष्यभर काम काय, तर दुसऱ्याच्या तोंडापुढे माइक धरायचा. जीपमध्ये बॅटऱ्या, भोंगे, वायरीची भेंडोळी घेऊन आम्ही खेड्याखेड्यात जात होतो. मंत्र्यांचं भाषण असो, कुटुंबनियोजनाचं नाटक असो, जत्रा असो, मी आपला माइक टेस्टिंग, माइक टेस्टिंग. आयुष्यात सर्वांत जास्त वेळा मी तेच दोन शब्द माइकवर बोललो.

आता मधुकररावांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशीच जाऊन अडतं. मधुकरराव माझे साडू. माझी बायको सुमन, तिची मोठी बहीण कुसुमताई, तिचे यजमान. साडू म्हणजे काय नातं असतं ते तुम्हाला काय सांगू! सख्ख्या भावाशी माणूस एकवेळ भांडून मोकळा होतो, साडूशी भांडता येत नाही अन् त्याच्याकडे पाहिल्याशिवाय राहताही येत नाही. ते थोरले जावई, मी धाकटा. पुरणपोळी तव्यावरून उतरली की पहिली त्यांच्या ताटात. सासूबाई म्हणत, त्यांना घ्या हो, त्यांना खेड्यात काय मिळतं? अहो, मी समोर बसलेला, माझी पोळी थंड होऊन राहिली, तूप थिजून राहिलं, अन् मी हसून म्हणून राहिलो, हो हो, त्यांनाच वाढा.

ते मास्तर होते. नर्मदेच्या काठी झिरियाघाट नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत. जबलपुरात बदली मिळत असून घेतली नाही. बस फाट्यावर सोडून देई, तिथून शेतातली वाट, पावसात ती वाटसुद्धा बंद. गावात त्यांना सगळे मास्साब म्हणत. अन् या मास्साबांनी तिथं एक वेगळाच नाद लावून घेतला, बंबुलियाचा.

बंबुलिया म्हणजे काय ते सांगतो. संक्रांतीच्या दिवसांत बाया नर्मदेच्या स्नानाला चालत जातात न, तेव्हा चालता चालता जे गातात ते. अर्ध्या बाया पुढं, अर्ध्या मागं. पुढच्यांनी एक ओळ टाकायची, शेवटचा स्वर लांब सोडून द्यायचा, इतका लांब की वाटतं आता तुटते, अन् तुटायच्या आत मागच्यांनी तो झेलायचा. झिरियाघाटला तर त्याहून वेगळी रीत होती, नदी तिथं अरुंद आहे, तर या काठानं चालणाऱ्या बाया गात अन् त्या काठानं चालणाऱ्या बाया जबाब देत. दोघींच्या मधे पाणी. मधुकररावांनी म्हाताऱ्या बायांकडून ही गाणी ऐकली, नव्या सुनांना त्यांच्या जवळ बसवलं, शाळा सुटली की घाटावर. सुना आधी लाजत, मग येऊ लागल्या. मास्साबांना स्वतःला गाता येत होतं का? बिलकुल नाही. त्यांचा सा पहाटे लावला तर संध्याकाळपर्यंत सापडत नसे. पण ते बायांच्या मागनं चालत अन् भसाड्या आवाजात हो देत, अन् बाया त्या हो वर खुशाल पुढची ओळ उचलत.

पेपरात त्यांचा फोटो आला. नर्मदाकाठचा मराठी मास्तर, असं काहीतरी वर लिहिलं होतं. सासूबाईंनी तो फोटो देवघरात ठेवला, ताई, देवघरात! मी मंडळात इतकी वर्षं गायलो, माझा फोटो कधी कपाटावरसुद्धा नव्हता.

एकदा ऑफिसच्या कामानं मी झिरियाघाटला गेलो होतो. फुलाबाई म्हणून बायांची म्होरकी होती, ढीमरांच्या म्हणजे नाव चालवणाऱ्यांच्या घरची, काळी, उंच, आवाज असा की पाण्यावरून दगड उडत उडत जावा. तिनं ओळ टाकली. मला राहवलं नाही, मधुकरराव हो द्यायच्या आधी मी तो स्वर उचलला, असा सुरेल उचलला, वरून एक छोटी मुरकी घेतली अन् समेवर आणून ठेवला. मला वाटलं आता यांना कळेल गाणं काय असतं. तर सगळ्या बाया थांबल्या. जागच्या जागी उभ्या. मग एक हसली, मग सगळ्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. फुलाबाई हसली नाही, ती म्हणाली, भैया, गात तो नीके हो, मनो हम पाँव कहाँ धरें? म्हणजे, गाता चांगलं, पण आम्ही पाय कुठं टाकायचा?

बास. एवढंच म्हणाली, अन् मधुकररावांकडे पाहून पुढे चालू लागली, अन् त्यांनी भसाड्या आवाजात हो दिला, अन् गाणं सुरू. परतताना जीपमध्ये ड्रायव्हर मला म्हणाला, काय दादा, तबियत खराब है क्या? मी म्हटलं, हओ, पेट में दर्द है. दुखत होतं पोटाच्या जरा वर.

त्यानंतर पुढच्याच वर्षी सरकारनं ठरवलं की जिल्ह्यातलं नदीकाठचं एक गाव निवडायचं अन् तिथं सगळं करायचं, पक्का घाट, डांबरी रस्ता, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी धर्मशाळा, दरवर्षी संस्कृतीचा मेळा, म्हणजे बाहेरचे लोक पाहायला येतील, गावाला काम मिळेल. कितीतरी गावं मागं लागली होती. शेवटी दोन उरली, एक झिरियाघाट अन् एक दुसरं, त्यांचा लाठ्यांचा नाच होता. भोपाळहून समिती येणार, दोन्ही गावं पाहणार अन् ठरवणार. झिरियाघाट एकदम तयार. शाळा चुन्यानं रंगवली, लोकांनी वाटेवर मुरूम टाकला. मधुकरराव सायकल घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत. घरी सासूबाई म्हणू लागल्या, मधुकरराव गावाचं नशीब काढून राहिले. सुमनसुद्धा म्हणाली, भाऊजींचा सरकारकडून मोठा सत्कार होईल बहुतेक. मी भात कालवत होतो. मी म्हटलं, होईल न, काहून नाही होणार?

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी आमचे जिल्ह्याचे साहेब मला घेऊन जागा पाहायला गेले. त्यांनी मला विचारलं. हे नीट लिहा ताई. मधुकररावांना नाही, गावच्या सरपंचाला नाही, मला विचारलं, कारण माइकवाला मी. म्हणाले, विनायकजी, ये औरतें तो चलते-चलते गाती हैं, इसका कैसे करेंगे?

आता याचं खरं उत्तर एकच होतं, अन् ते मला ठाऊक होतं. खरं उत्तर होतं की साहेब, इथं माइक नको. समितीला घाटावर न्या, पायऱ्यांवर बसवा, अर्ध्या बायांना पलीकडे पाठवा अन् चालू द्या, पाणी आपोआप आवाज आणतं. पण माइक नको असं कोणता माइकवाला सांगेल? त्या दिवशी मी सांगू शकलो असतो. मला माहीत होतं. त्याऐवजी मी बोट ओलं करून हवेत धरलं, असं तज्ज्ञासारखं, अन् म्हटलं, साहब, हवा बहुत है, चलते में आवाज पकड़ेगी नहीं. स्टेज पे बिठा देते हैं, सबको एक लाइन में, एक माइक के सामने. एकदम साफ आएगा.

यात खोटं एकही वाक्य नव्हतं. वारा होता. चालताना माइक आवाज पकडत नाही हेही खरं. म्हणून तर आजपर्यंत मला कोणी काही म्हणू शकलं नाही.

मधुकरराव जरा चाचरले. म्हणाले, विनायकराव, बसून जमेल का त्यांना? अन् जबाब? मी म्हटलं, अहो अर्ध्या या बाजूला, अर्ध्या त्या बाजूला, काय फरक पडतो? मला इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही माझ्यावर सोडा. त्यांनी लगेच मान हलवली. म्हणाले, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. असे ते. मला वाटतं त्यांनी थोडं भांडायला पाहिजे होतं. भांडले असते तर मी कदाचित ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे तखत लावून स्टेज केलं, वर सतरंजी घातली. खुर्च्या गावात पुरेशा नव्हत्या, त्या नदीपलीकडच्या गावातून नावेत घालून आणल्या. बाया नव्या लुगड्यात, मांडी घालून एका रांगेत, खांद्याला खांदा लागलेला. समोर माझा माइक. समितीचे लोक गळ्यात हार घालून बसले. फुलाबाईनं ओळ टाकली अन् तिचा आवाज माइकमधून असा आला की तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही, ती दचकून मागे सरली. जबाब देणाऱ्या तिच्या बाजूलाच बसलेल्या, त्यांनी तिचा स्वर पुरता निघायच्या आधीच उचलला, काहून की दूरवरून तो येतो किती वेळानं ते त्यांच्या कानाला सवयीचं होतं, इथं तर मांडीला मांडी. दोन्ही ओळी एकमेकींवर पडू लागल्या. पायाला चाल नाही, तर गाण्याला चाल नाही. एक सून मधेच थांबली, तिला पाहून दुसरी थांबली. भोंग्यानं शिट्टी मारली. ती शिट्टी मी मुद्दाम मारू दिली नाही, देवाशपथ, पण बंद करायला जितकी घाई करायला पाहिजे होती तितकी केली नाही.

समितीचे मोठे साहेब भले माणूस होते. बहुत सुंदर, माताओं, बहुत सुंदर, म्हणाले अन् घड्याळ पाहिलं. चहा घेतला, नमस्कार केला, गाड्या निघून गेल्या. त्या दुसऱ्या गावात लाठ्यांचा कडकडाट झाला असेल. निवड त्यांचीच झाली.

मधुकरराव हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. साहेबांना द्यायला आणलेला, तसाच भरलेला. मला म्हणाले, माझंच चुकलं विनायकराव, मी तयारी कमी करून घेतली. अन् मी काय म्हटलं? मी वायर गुंडाळत होतो. मी म्हटलं, स्टेजची सवय नसते हो खेड्यातल्या बायांना, तुम्ही तरी काय करणार.

आता पुढचं ऐका, कारण एका कॅसेटची गोष्ट इथं सुरू होते.

मधुकरराव नावाड्याला घेऊन पलीकडच्या गावच्या खुर्च्या परत करायला गेले. ऊन उतरत आलं होतं. बाया घरी निघाल्या. फुलाबाईचं घर अन् बाकीच्यांची घरं नदीच्या कडेकडेनं आहेत, तर सगळ्या त्याच वाटेनं, नवी लुगडी वर खोचून. अन् मग फुलाबाईनं ओळ टाकली. कोणासाठी नाही, समितीसाठी नाही, राग बाहेर काढायला असेल. आवाज पाण्यावर गेला, लांब, लांब, अन् पलीकडे कोणी नव्हतं जबाब द्यायला, सगळ्या तर याच काठावर. मला वाटलं आता तुटते. तर त्या काठावरून हो आला. भसाडा, बेसूर, दमलेला. मधुकरराव. खुर्च्या उतरवता उतरवता देऊन राहिले. अन् बायांनी पुढची ओळ उचलली, चालत्या पायांनी, अन् त्या काठावर तेही चालू लागले, या बाया या काठानं, ते त्या काठानं.

माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये ऑफिसची कॅसेट होती, कार्यक्रमासाठी लावलेली. मी बटण दाबलं अन् माइक हातात घेऊन पाण्यापर्यंत गेलो, चपला घालून पाण्यात. काहून केलं? मला माहीत नाही. इतकं चांगलं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही अन् त्यात माझा एक स्वर नाही. ती कॅसेट मी ऑफिसात जमा केली नाही. घरी ट्रंकेत ठेवली.

मग काय, झिरियाघाटला रस्ता आला नाही. घाट मातीचाच राहिला. घरी जेवताना विषय निघाला की मी म्हणत होतो, मी आधीच सांगितलं होतं, तयारी पाहिजे, नुसतं पेपरात फोटो येऊन भागत नाही. मधुकरराव म्हणत, खरं आहे विनायकराव म्हणतात ते. पुढं त्यांनी बदली मागून घेतली अन् चेरीतालला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. पोळी मात्र पहिली त्यांच्याच ताटात पडत राहिली. हरलेल्या माणसाला तर सासूबाई अजूनच प्रेमानं वाढू लागल्या. म्हणजे पहा, मला त्यातूनही काही मिळालं नाही.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, कुसुमताई गेली. मी रिटायर होऊनही खूप काळ झाला. अन् आता इतक्या वर्षांनी सरकारची नवी योजना आली. खेड्यातल्याच घरात पाहुणे उतरवायचे, त्यांनी तिथंच खायचं, गाणी ऐकायची, नावेत बसायचं. होम स्टे म्हणतात. यादीत झिरियाघाट आलं. रस्ताही झाला. एक तरुण मॅडम जुन्या कलेची माहिती गोळा करत फिरत होत्या, कोणीतरी माझं नाव सांगितलं, त्या घरी आल्या. मी ट्रंक उघडली. कॅसेट चालेल असं वाटलं नव्हतं, पण त्यांनी नेऊन कुठं साफ करून आणली अन् मोबाइलवर मला ऐकवली. त्यांनी कानाला लावून ऐकली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, नाना जी, ये उस पार से जो जवाब दे रहे हैं, इस आवाज में कुछ है. ये आप हैं क्या?

ताई, मी गाणारा माणूस. माझ्या आवाजानं कोणाचे डोळे भरलेले मी कधी पाहिले नव्हते. समोर एक पोरगी रडून राहिली अन् विचारून राहिली, ये आप हैं क्या? मी म्हटलं, हाँ.

सुमन आत चहा गाळत होती. तिच्या हातची गाळणी थांबली ते मला बाहेर ऐकू आलं.

मग सत्कार झाला झिरियाघाटला. शाल, श्रीफळ, मंडप. मधुकररावांना मी कळवलं नाही, मनात म्हटलं, गुडघे दुखतात त्यांचे, कुठं दगदग. मंडपात ती रेकॉर्डिंग लावली. फुलाबाई पुढच्या खुर्चीत, कमरेत वाकलेली, दात गेलेले. गाणं सुरू झालं, पलीकडून हो आला, अन् घोषणा करणारा माझ्याकडे हात करून म्हणाला, यही हैं वो आवाज! टाळ्या. मी फुलाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. आता ही काही बोलते असं वाटून मी उठून उभाच राहिलो. ती एवढंच म्हणाली, बैठो भैया, घाम में आए हो. घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. अन् तिच्या नातीनं, रानू तिचं नाव, तिच्याच घरात पाहुणे उतरतात, तिनं मला सरबत आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो. अन् संध्याकाळी मधुकरराव काठी टेकत आले, हातात बड़ा फुहारा बाजारातली खव्याची जलेबी. म्हणाले, विनायकराव, तुम्ही ती संध्याकाळ जपून ठेवली! मला वाटलं होतं ती गेली. मग पेपर पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, माझ्या आवाजातला जबाब असं जे लिहिलं होतं ते, अन् म्हणाले, तुम्हीपण देत होता का त्या दिवशी? मला आठवत नाही हो आता. बरं झालं, सुरात देणारं कोणीतरी होतं.

ती जलेबी मला खाववली नाही. सुमन ते गेल्यावर म्हणाली, तुम्हाला काही बोलत नाही मी. अन् खरंच बोलली नाही, कित्येक दिवस. वाढायची, निघून जायची.

मागच्या आठवड्यात रानूचा फोन आला. घाटावर मोठा बोर्ड लागणार आहे, पक्का, दगडी, गाण्याची माहिती अन् आवाजाचं नाव कोरून. म्हणाली, नाना, आपका पूरा नाम बता दो. दगडावर कोरणार, म्हणजे मग ते आमच्यामागं कोण खोडणार? मी म्हटलं, बेटा, वो आवाज मेरी नहीं है. मास्साब की है. मधुकर मास्साब. ती म्हणाली, हमें तो पता है, नाना. अम्मा ने पहलेई दिन बता दओ थो. अम्मा म्हणजे तिची आजी, फुलाबाई. मी म्हटलं, फिर कहा क्यों नहीं? तर म्हणाली, अम्मा बोली, रहन दो, बुढ़ापे में इत्ती दूर से आए हैं, लै जान दो.

लै जान दो. घेऊन जाऊ द्या. म्हणजे त्या मंडपात सगळं गाव जाणत होतं, अन् मी शाल खांद्यावर घेऊन बसलो होतो. त्या बायांनी मला तो आवाज असा दिला, जसं लहान पोराला दुसऱ्याचं खेळणं थोडा वेळ देतात. मधुकररावांना त्यांनी गाणं दिलं, मला दया दिली. सांगा, जळणार नाही का माणूस? या वयातही जळलो.

त्याच दुपारी मधुकररावांकडे गेलो. म्हटलं, तो आवाज तुमचा आहे. मी खोटं बोललो. ते आधी पाहत राहिले, मग खो खो हसू लागले, अहो माझा? मग लोक पळून नाही गेले का? मी मोबाइलवर लावून ऐकवलं. हसणं थांबलं. शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लावा म्हणाले. मग म्हणाले, कुसुमला ऐकवायला पाहिजे होतं. मला तिथंच दुसरी गोष्टही सांगायची होती, ती स्टेजची, माइकची, बोट ओलं करून हवेत धरल्याची. मी म्हटलं, मधुकरराव, अजून एक आहे. ते म्हणाले, थांबा, आधी चहा टाकतो, अन् उठून आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा माझं तोंड पुन्हा बंद झालं होतं. चहा पिऊन आलो.

म्हणून तुम्हाला बोलावलं ताई. आवाजाचं तर दगडावर दुरुस्त होईल. पण झिरियाघाट तेव्हा हरलं ते बायांमुळे नाही, मास्साबांमुळे नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही. ते गाव इतकी वर्षं चिखलातून चाललं ते माझ्या एका सल्ल्यानं. लिहा ते. अन् बोर्डावर कॅसेट कोणी केली तिथं माझं नाव असू द्या म्हणून मी रानूला सांगितलं आहे. पाण्यात मी उभा होतो, तेवढं मी कोणाला देणार नाही.

बोर्ड लागला की जायचं आहे. सुमन बोलू लागली आता, म्हणते भाऊजींनाही सोबत न्या, आता तर बस थेट घाटापर्यंत जाते. छापायच्या आधी हे सगळं त्यांना वाचून दाखवा, माझ्या तोंडून होणार नाही. वाचून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं तर तेही बरोबरच आहे, मी काय म्हणणार. अन् येतो म्हणाले, तर चलो, नेतो, हात धरून चढवतो, उतरवतो. नर्मदामाई त्यांना ठणठणीत ठेवो. फक्त बसमध्ये खिडकीपाशी मी बसीन, एवढं त्यांना सांगून ठेवा.